काळी, पांढरी आणि मुरूम

माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर कॉफीच्या तीन रिकाम्या बरण्या आहेत. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून मी नावं लिहिलीत : काळी, पांढरी, मुरूम. तिन्हींत माझ्या आजोळची माती आहे, सांगोला तालुक्यातली. गेलं दीड वर्ष मी सांगलीच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढं एक रेल्वे स्टेशन उभं करते आहे. या बरण्या घरात आल्या आणि ते स्टेशन कुठलं आहे ते दिसायला लागलं.

स्टेशनचं नाव बोरमळा. नकाशात शोधू नका, नाव मी ठेवलंय. मार्ग मात्र खरा आहे : मिरज–पंढरपूर, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, दोन रुळांत फक्त अडीच फूट अंतर असलेली. या रेल्वेचा पहिला तुकडा १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज धावते. आम्ही मात्र मे महिन्याच्या सुट्टीत त्या छोट्या गाडीनंच आजोळी जायचो. माझ्या बोरमळ्यात साल १९८४ आहे आणि मृग नक्षत्राचा आदला आठवडा चालू आहे. शेतं नांगरून, कुळवून तयार आहेत, विहिरीनं तळ गाठलाय, सगळं गाव आभाळाकडे बघतंय. आजोळ म्हटलं की मला हाच आठवडा आठवतो, कारण तेव्हाच आमची परतीची गाडी असायची.

मॉडेल १:८७ या प्रमाणात आहे, ज्याला एचओ म्हणतात. नॅरोगेज निवडण्यात एक मोठी सोय झाली. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेलचा, तयार रूळ नऊ मिलिमीटरचा मिळतो. आपली ब्रॉडगेज करणाऱ्यांना हे सुख नाही. १६७६ मिलिमीटरचं गणित करून १९ च्या वर आकडा येतो आणि एचओचा तयार रूळ असतो साडेसोळाचा. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथं मी शाळेतल्या भाच्याला घेऊन गेले होते आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त वेळ काचेला नाक लावून उभी होते. घरी येताना ठरवलं की करायचं तर आपली बार्शी लाइटच करायची.

प्लायवूडचा सांगाडा, थर्माकोल, त्यावर पीओपीचा पातळ थर, हे सगळं महिन्याभरात झालं. मग मी गवताची पाकिटं मागवली. परदेशी पाकिटं, वर हिरव्यागार कुरणाचं चित्र. नाव होतं ‘उन्हाळी गवत’. मी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ते पसरलं, चिकटवलं, आणि दिवाळीत आई आली तेव्हा मोठ्या उत्साहानं तिला खोलीत नेलं.

आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “छान केलंयस गं. कोकणातलं आहे का?”

मी म्हटलं, “अगं आई, आपल्याकडचं आहे. सांगोल्याच्या अलीकडचं.”

“आपल्याकडचं? आणि मग माती कुठाय?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. युरोपातला उन्हाळा हिरवा असतो. त्या पाकिटावरचं चित्र त्यांच्या जूनचं होतं आणि त्यांच्यापुरतं ते अगदी खरं होतं. आपल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात माणदेशात जमीन दिसते. नुसती जमीन. मी तिच्यावर गवत पांघरलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मामाकडे गेलो. मी प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्यावर मामानं विचारलं, “कुठली पाहिजे? काळी का पांढरी?” हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेत, पण त्यांचा अर्थ त्या दिवशी पायाखाली आला. काळी म्हणजे शेतजमीन, कसायची. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं पिढ्यान् पिढ्या घरं बांधली, पडली, पुन्हा बांधली, राख आणि चुलीची माती मिसळत गेली ती फिकट, राखाडी, मऊ जमीन. काळीत घर बांधत नाहीत, भिंतींना तडे जातात. पांढरीत पेरत नाहीत. मामाच्या माळवदावरही, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावरही, पांढरीच घातलेली आहे, दर उन्हाळ्यात वरून नवी टाकून चोपतात, म्हणजे पावसाचं पाणी खाली उतरत नाही. आणि रेल्वे? रेल्वे काळीत नाही आणि पांढरीतही नाही. ती मुरमाच्या भरावावर आहे. तांबूस, पिवळट, खडबडीत. माणूस सांगोल्यात असो की कवठे महांकाळला, डोळे मिटून त्याला नॅरोगेज आठवायला सांगा, तो मुरमाचाच रंग सांगेल.

म्हणजे माझ्या लेआउटचा रंगांचा नकाशा गावच्या बोलीत आधीपासून तयार होता. मागे पांढरी, मधून मुरमाचा पट्टा, पुढे काळी. घरी आल्यावर मी ते सगळं परदेशी गवत ओल्या फडक्यानं भिजवून खरवडून काढलं. दोन दिवस लागले.

खरी माती वापरायची म्हणजे आधी ती लोखंडी कढईत चांगली भाजायची, नाहीतर तिच्यातले किडे आणि बिया महिन्याभरात दर्शन देतात. मग चाळायची. पिठाची चाळणी, मग मैद्याची, मग जुन्या सुती ओढणीचं फडकं. ओढणीतून जी गळते ती धूळ. ती ८७ पटींनी लहान जगात माती वाटते. मैद्याच्या चाळणीत राहते ती कुळवलेल्या रानाची भुसभुशीत वरची माती. पिठाच्या चाळणीत राहिलेले खडे म्हणजे नांगरटीची ढेकळं. अर्ध्या सेंटिमीटरचा खडा तिथं दीड फुटाचं ढेकूळ होतो. पहिल्या नांगरटीला काळ्या रानात तेवढी निघतात, पण कुळवलेल्या रानात नाहीत. त्यामुळे शेत कुठल्या टप्प्यात आहे हे चाळणीवरून ठरतं.

चाळून झाल्यावर मातीवरून चुंबक फिरवायचं. हे कुणी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. आपली माती बेसॉल्टच्या खडकाची, आणि त्यात मॅग्नेटाइट असतं. पहिल्यांदा मी न फिरवताच माती पसरली. चार दिवसांत इंजिन अडखळायला लागलं, मग बंदच पडलं. उघडून बघितलं तर मोटारीच्या चुंबकाला काळे केसाळ कण चिकटून झुपका झालेला. आता मी कागदावर माती पसरते, स्पीकरमधलं जुनं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवते. मूठभर मातीतून चिमूटभर काळी पूड निघते. पिशवी उलटी केली की ती खाली पडते. ती मी टाकत नाही. इंजिन उभं राहतं तिथं, दोन रुळांच्या मध्ये, तेलाचा काळा डाग दाखवायला ती वार्निशमध्ये कालवून लावली की फार सुंदर बसते. एकदा वार्निश सुकलं की तिथून हलत नाही.

काळीनं मला सर्वांत जास्त छळलं आणि सर्वांत जास्त दिलंही. पहिल्यांदा मी तिचा चांगला अर्धा सेंटिमीटर थर दिला आणि फेव्हिकॉल अर्धंअर्धं पाण्यात कालवून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरनं सोडलं. साबणाशिवाय पाणी मातीवर मण्यांसारखं थांबतं, आत जात नाही. संध्याकाळी काळ्याभोर ओल्या रानासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं शेत पापडासारखं वर वळलेलं, कडा उचललेल्या, आणि त्या ओढीत भरावाच्या कडेचे चार स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, उपटून आलेले. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. त्याच कारणानं तिच्यात भिंती तडकतात, मामानं आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.

मग उपाय असा केला : खाली बारीक वाळूचा थर, त्याला गडद करडा रंग, आणि त्यावर काळीची फक्त धूळ, भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी. हे चालतं, हलत नाही. पण विहिरीजवळच्या एका तुकड्यात मी मुद्दाम दोन मिलिमीटरचा थर ठेवला. तिथं ती आकसली आणि तिला भेगा पडल्या. एक मिलिमीटर रुंदीच्या भेगा, पाचकोनी सहाकोनी तुकडे करत गेलेल्या. एक मिलिमीटर म्हणजे तिकडे जवळपास नऊ सेंटिमीटर. मे महिन्यात आमच्या रानातल्या भेगांत माझा हात मनगटापर्यंत जायचा. मी भेगा कोरल्या नाहीत, रंगवल्या नाहीत. त्या मातीनं स्वतः, तिच्या स्वभावानं पाडल्या, आणि त्यांचं माप बरोबर आलं. त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेले.

एक गोष्ट मात्र खऱ्या मातीलाही करावीच लागते. फेव्हिकॉलनं ती गडद होते आणि वाळल्यावरही पहिल्या रंगावर येत नाही. शिवाय खोलीतला दिवा म्हणजे काही माणदेशातलं दुपारचं ऊन नव्हे. म्हणून शेवटी कोरड्या ब्रशनं त्याच मातीची फिकट धूळ पुन्हा वरून घासायची. हातात घेतलेल्या मातीपेक्षा लेआउटवरची माती दोन छटा उजळ हवी, तरच ती तीच वाटते. ट्यूबचा निळसर उजेडही मी बदलला, थोडा उबदार एलईडी लावला. निळ्या उजेडात मुरूम आजारी दिसत होता.

आता रूळ. बार्शी लाइटचे रूळ मुळात हलके होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती रेल्वे आखताना नियमच घातला होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ पुरले. माझ्याकडे जो तयार रूळ आहे त्याची उंची दोन मिलिमीटर. ८७ नं गुणा : १७४ मिलिमीटर. आजच्या मेन लाइनवरचा ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मिलिमीटरच आहे! म्हणजे माझी बिचारी नॅरोगेज राजधानी एक्स्प्रेसच्या रुळांवरून चालली होती. बारीक रूळ वेगळा मिळतो, पण महाग आणि मागवायला वेळ. मी असलेलाच रूळ मातीत पुरला. आधी एन स्केलचे दाट स्लीपर कापून दूर दूर सरकवले, मग खडी अगदी नावापुरती टाकली, आणि रुळांच्या बाहेरच्या बाजूनं मुरमाची धूळ जवळजवळ माथ्यापर्यंत चढवली. आतल्या बाजूला चाकाची कड जाईल एवढी खाच मोकळी ठेवायची आणि माती ओली असतानाच एक डबा ढकलून ती साफ करून घ्यायची. पुरल्यावर रूळ बारीक दिसायला लागले. खरी नॅरोगेज अशीच होती. लहानपणी आम्ही रुळांवरून चालायचो तेव्हा स्लीपर पायाला कमी आणि माती जास्त लागायची.

गवताकडे मी पुन्हा वळले ते फार भीत भीत. कुसळीचा रंग वाळक्या पेंढ्यासारखा, थोडा तांबूस. नायलॉनचे चार मिलिमीटरचे पेंढ्याच्या रंगाचे धागे मिळाले. चार मिलिमीटर म्हणजे तिकडे फुटाहून थोडं जास्त, कुसळीला बरोबर. ते उभे चिकटायला हवेत, आणि त्यासाठी मी डास मारायच्या रॅकेटचा उपयोग केला. रॅकेटच्या जाळीची एक तार चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडली, दुसरीला एक खिळा बांधून ओल्या फेव्हिकॉलमध्ये रोवला. गाळणीत धागे घालून बटण दाबून हलवलं की धागे ताठ उभे राहून खाली उतरतात. रॅकेटला हात लावण्याआधी सेल काढायचे आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकवून उरलेला झटका काढून टाकायचा, हे विसरायचं नाही. पहिला पट्टा झाल्यावर आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन : “एवढं गवत जूनपर्यंत राहतं होय? शेरडं ठेवतील?”

शेरडांचा विचार केला आणि अर्धा लेआउट बदलला. मृगाआधी गवत कुठं उरतं? जिथं शेळीचं तोंड पोचत नाही तिथं. बोरीच्या काटेरी जाळीच्या आत, सिग्नलच्या तारांखाली, रुळांखालच्या मोरीच्या दगडांच्या फटीत. बाकी सगळीकडे कुरतडलेले बुडखे. मी धागे कात्रीनं एक मिलिमीटरपर्यंत कापले आणि फक्त अशा अडचणीच्या जागी उंच ठेवले. झाडांचंही तेच. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पोचेल तिथपर्यंत, म्हणजे माझ्या मापात दोन सेंटिमीटर, बोरीला खालून पाला ठेवायचा नाही. बाभळीला तर धनगर लांब काठीची आकडी लावून फांद्या उतरवतात, पाला आणि शेंगा खाली पाडतात. म्हणून आमच्याकडची बाभूळ पुस्तकातल्या छत्रीसारखी गोल नसते. एका बाजूनं छाटलेली, दुसरीकडे झुकलेली, मध्येच आभाळ दिसणारी असते.

एका बाभळीवर मी सात संध्याकाळी घालवल्या, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती विहिरीच्या काठावर आहे, साडेसात सेंटिमीटर उंच. जुन्या पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार, चौदा पदर एकत्र पिळून खोड, मग दोन-दोन पदर सोडत फांद्या. खोडावर लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉलचा लेप, ओला असतानाच सुईनं उभ्या चिरा. रंग काळपट तपकिरी. बाभळीचा पाला इतका बारीक असतो की स्पंजचा चुरा मिक्सरमधून तीनदा काढूनही जाड वाटत होता. (मिक्सरचं ते भांडं आता कायमचं माझ्या खोलीत आहे, घरात नवीन आणलं.) शेवटी फांद्यांच्या टोकांना केसांच्या ब्रशमधले नायलॉनचे तुकडे आडवे लावले आणि त्यांवर चुऱ्याची फक्त धूळ धरली. आडवे, हे महत्त्वाचं. बाभळीचा पाला थरांनी असतो. आणि विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरणीचे पाच खोपे. नारळाचा काथ्या कात्रीनं अगदी पूड करून, दोऱ्याच्या टोकाला फेव्हिकॉल लावून त्यात लोळवला. पाच मिलिमीटरचा एक, खाली बारीक नळी. सुगरण पावसाळ्यात खोपे विणते, म्हणजे हे गेल्या वर्षीचे, वाळून तपकिरी झालेले. दोन मी अर्धवट ठेवलेत, नर विणून सोडून देतो तसे.

स्टेशनची पाटी एका दुपारी झाली. पिवळी, काळी अक्षरं, घरच्या प्रिंटरवर जाड कागदावर छापली आणि खांब दाभणाचे. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त कडा फार कोऱ्या दिसत होत्या म्हणून मुरमाची धूळ बोटानं पुसली.

माणसं मात्र आईनं लावली. एकोणीस बाहुल्या आहेत, उभ्या माणसाची उंची दोन सेंटिमीटरच्या आत-बाहेर. तयार पुतळे युरोपातले होते, कोट-टोपीवाले. कोट तासून, टिश्यू पेपरची पातळ पट्टी फेव्हिकॉलमध्ये भिजवून बायकांना नऊवारी आणि म्हाताऱ्यांना पटके गुंडाळले. मी त्यांना फलाटावर ओळीनं उभं केलं होतं, गाडीची वाट बघत. आई मार्चमध्ये आली, चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, “एवढ्या उन्हात कोण उभं राहील बाई? गाडी येईपर्यंत आम्ही सगळी लिंबाखाली.” तिनं स्वतः चिमट्यानं एकेकाला उचललं. कडुलिंबाच्या पारावर तीन बायका बसवल्या, एकीच्या मांडीवर मूल. गाठोडी पाराला टेकवली. म्हातारे खोडाच्या दक्षिणेला, कारण दुपारी सावली तिकडं कलती असते असं तिचं म्हणणं, आणि मी मग दिवाही थोडा सरकवला. चौघं स्टेशनच्या भिंतीला पाठ लावून. एक पोरगा तेवढा फलाटाच्या टोकाला, रुळावर वाकून गाडी दिसते का बघणारा. “हा तुझा मामा,” आई म्हणाली.

फलाट आता रिकामा आहे. मधोमध नुसता मुरूम, उन्हानं पांढरा पडल्यासारखा रंगवलेला, आणि कडेला सगळी माणसं सावलीत. आलेले पाहुणे आधी विचारतात की स्टेशनवर कुणीच कसं नाही, आणि मग त्यांना झाड दिसतं.

राहिलंय ते गावठाण. मागच्या बाजूला चार माळवदाची घरं करायची आहेत, पुठ्ठ्याच्या भिंती तयार आहेत. छपरांना पांढरी लागेल, चांगली दोन मिलिमीटर, चोपून बसवलेली, कडेला पन्हाळीपाशी थोडी वाहून गेलेली. पण पांढरीची बरणी तळाला आली आहे. मामाला फोन केला तर तो म्हणाला, या रविवारीच ये, एकदा पाऊस झाला की ओली माती नेऊन काय करशील. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं निघते आहे. आई बरोबर आहे, आणि या वेळी पिशव्यांऐवजी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेतलाय.